भिंतीला खिळे ठोकू नयेत

‘स्थानिक कलाकारांना सुवर्णसंधी!’ असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, तेव्हा त्याच्या मागेपुढे रंगांची पॅलेट, टाळ्या, फुलं आणि जोडलेले हात अशी चित्रं असतात. ती चित्रं फुकट असतात. त्यापुढची सगळी पैशाची.

निरोप शेवटपर्यंत वाचला की संधीचे नियम कळतात. प्रत्येकाला दोन चित्रं लावता येतील. प्रवेश शुल्क नाममात्र. चित्र फ्रेम केलेलं असावं, मागे मजबूत तार असावी. ने-आण स्वखर्चाने करावी. चित्राची मोडतोड किंवा चोरी झाल्यास मंडळ जबाबदार नाही. निवड समितीचा निर्णय अंतिम राहील. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला खिळे ठोकू नयेत. यातलं चोरीचं कलम वाचून आमची ही दरवेळी खूश होते. ‘‘म्हणजे चोरण्याजोगं काहीतरी येईल अशी त्यांना आशा आहे तर!’’ निवड समितीबद्दल मात्र तिला कधीच काळजी नसते. शुल्क भरलेलं चित्र नाकारणारी समिती आमच्या भागात अजून स्थापन झालेली नाही.

मी चित्रकार नाही. मी चित्रकाराचा नवरा आहे. हे पद मानद असून उचलणं, धरणं, ‘डावीकडून जरा वर’ करणं आणि टेबलामागे बसून अभिप्रायाची वही सरकवणं एवढी कामं त्यात येतात. मानधन नाही, पण उद्घाटनाच्या चहावर हक्क असतो. या पदावरून स्थानिक कलाविश्व बरंच जवळून दिसतं, कारण लोक चित्रकारासमोर गोड बोलतात आणि खरं काय ते टेबलामागच्या माणसापाशी बोलतात.

पूर्वी म्हणे संधी नव्हत्या. चित्रकाराने मुंबईत जहांगीरला प्रदर्शन केलं की मगच घरच्यांना तो चित्रकार असल्याचं पटायचं. ही गॅलरी १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली, आणि ती व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत के. के. हेब्बर यांच्या जोडीला होमी भाभा होते. अणूचं पोट फोडणाऱ्या शास्त्रात बुडालेल्या माणसाला चित्रकारांच्या भिंतीची काळजी होती. आमच्या सोसायटीच्या कमिटीला ती कधी वाटेल ते बघायचं. जहांगीरची तारीख मिळायला अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अर्ज करताना माणूस निसर्गचित्रं काढत असतो, तारीख येईपर्यंत तो अमूर्तापर्यंत पोचलेला असतो. ज्यांना एवढा दम धरवत नाही ते बाहेरच्या फूटपाथवर चित्रं मांडतात. आत जाणारा रसिक आधी त्यांच्यासमोरून जातो, आणि भाव करायची सोय बाहेरच असते.

त्याच परिसरात १९९९ पासून दर फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव भरतो. ज्या घोड्यावरून हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ सालीच तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेलेला होता. नवा घोडा, तोही स्वाराविना, बसला २०१७ मध्ये. मधली सगळी वर्षं घोडा नसताना घोड्याच्या नावाने उत्सव दणक्यात झाला. यावरून आयोजकांनी एक धडा घेतला असावा, की मुख्य वस्तू जागेवर नसली तरी कार्यक्रम अडत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच कलाप्रदर्शनांत कलेच्या बाबतीत हेच धोरण असतं.

आता संधींचा सुकाळ आहे. मॉलमध्ये सरकत्या जिन्याखाली प्रदर्शन असतं, वाचनालयात मासिकांच्या कपाटाला टेकवून असतं, सोसायटीच्या क्लबहाउसात टेबल टेनिसचं टेबल उभं करून त्यावरही असतं. गणेशोत्सवात असतं, दिवाळी पहाटेला असतं, महिला दिनाला तर असतंच. पण खास आपली म्हणावी अशी सोय म्हणजे नाट्यगृहाला जोडलेलं कलादालन. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर झालं, त्यातही कलादालन आहे. नाटकाला लवकर आलेला माणूस तिसऱ्या घंटेपर्यंत करणार काय? चित्रं बघणार. मध्यंतरात करणार काय? एका हातात बटाटेवडा धरून तेलरंगाकडे बघणार. मराठी माणसाला चित्रकलेची जी थोडीफार गोडी लागली आहे, तिचं श्रेय नाटक उशिरा सुरू करणाऱ्या मंडळींना द्यायला हवं.

तर संधी घ्यायची ठरली की पहिली धाव फ्रेमवाल्याकडे. या सगळ्या व्यवहारात नक्की कमावणारा एकमेव माणूस तो. चित्र विकलं जावो न जावो, फ्रेम विकली गेलेली असते. तो चित्र हातात घेतो, पण चित्राकडे बघत नाही, कडांकडे बघतो. ‘‘मॅडम, याला सोनेरी पट्टी घ्या, अडीच इंची. माउंट पांढरा ठेवा. चित्र उठून दिसेल.’’ चित्र नाही उठलं तरी आकडा उठतोच. कागद आणि रंग मिळून जेवढे होतात त्याच्या कितीतरी पट काच आणि पट्टीचे होतात. वर तो विचारतो, ‘‘जुनी फ्रेम परत देता का?’’ जुन्या फ्रेममध्ये गेल्या प्रदर्शनातलं न विकलेलं चित्र असतं. ते बाहेर काढून कपाटामागे जातं आणि नवं आत बसतं. आमच्या घरी चित्रं येतात-जातात, फ्रेम कायम असते.

दुसरा प्रश्न वाहतुकीचा. आम्ही मध्य रेल्वेवर राहतो. टेम्पो परवडला नाही तर चित्रं लोकलच्या लगेज डब्यातून जातात. या डब्याला कलाप्रेमाच्या बाबतीत कमी लेखू नये. एकदा झेंडूच्या टोपल्या, माशांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांच्यामध्ये मी हिचं चित्र धरून उभा होतो. चादरीत गुंडाळलेलं होतं. ‘‘काय आहे?’’ टोपलीवाल्याने विचारलं. चित्र म्हटल्यावर त्याने आपली टोपली आत ओढली आणि बाकीच्यांना ओरडून सांगितलं, ‘‘ए, सरका, काच आहे!’’ काच आहे म्हटल्यावर जी जागा होते ती कला आहे म्हटल्यावर झाली नसती, हे खरं. पण झाली. कल्याणपर्यंत त्या चित्राला जो मान मिळाला तो पुढे कलादालनात मिळाला नाही.

कलादालनात पोचल्यावर खरा सामना सुरू होतो तो भिंतीचा. पॅरिसच्या जुन्या सरकारी प्रदर्शनांत चित्रं जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक लावायचे. डोळ्यांच्या रेषेत जागा मिळाली तर नशीब, छताजवळ मिळाली तर चित्र देवाने बघायचं. त्यावरून भांडणं व्हायची. आमच्याकडे भांडणं होत नाहीत, मानपान होतो. दारासमोरची भिंत मंडळाच्या अध्यक्षांच्या सुनेची. एसीखालची ज्येष्ठांची, कारण बघणारे तिथे जास्त वेळ थांबतात. खिडकीजवळची भिंत चांगली, पण दुपारी उन्हाची तिरीप काचेवर येते आणि चित्राऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो. काही प्रेक्षक तेवढ्यावरही समाधानी असतात. उरलेली जागा अग्निशामक नळकांडं आणि स्वच्छतागृहाचा बाण यांच्यामध्ये. नवख्या कलाकाराची सुरुवात तिथून होते. या जागेचा एक फायदा कुणी सांगत नाही. तिथे प्रत्येक माणूस एकदा तरी येतोच.

आणि खिळे तर ठोकायचे नाहीत. मग वरच्या पट्टीतून साखळी सोडायची, तिला एस आकाराचे हुक, हुकाला तार. एक साखळी नेहमी आखूड असते. दुहेरी चिकटपट्टीवर विसंबून लावलेलं एक चित्र उद्घाटनाच्या मुहूर्तावर खाली येतं. ते अमूर्त असेल तर काही बिघडत नाही, फक्त उलटं लावलं तर चित्रकाराला कळवायचं असतं.

तोवर चित्रांची नावं द्यायची राहिलेली असतात. चिठ्ठ्या लिहिणं माझ्याकडे. ‘‘याचं काय लिहू?’’ ‘‘लिहा ना अहो काहीही.’’ मग ‘सांजवेळ’, ‘अंतर्मन’, ‘प्रतीक्षा’ आणि ‘प्रवास-३’. ‘प्रवास-१’ आणि ‘प्रवास-२’ कुठे आहेत असं आजवर कुणी विचारलेलं नाही. या घाईला मोठी परंपरा आहे. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, रेन्वार, देगा, पिसारो वगैरे मंडळींनी सरकारी परीक्षकांना कंटाळून वर्गणी काढली आणि एका छायाचित्रकाराच्या रिकाम्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. यादी छापायचं काम रेन्वारच्या भावाकडे होतं, म्हणजे घरच्याच माणसाकडे. मोनेच्या चित्रांची तीच ती नावं बघून तो वैतागला, तेव्हा बंदरावरच्या सूर्योदयाच्या एका चित्रापुढे मोनेने ‘इम्प्रेशन’ घालायला सांगितलं, अशी हकिकत आहे. एका टीकाकाराने त्याच शब्दावरून सगळ्यांची टर उडवली आणि जगातल्या एका मोठ्या चित्रपंथाचं बारसं झालं. कालांतराने ‘प्रवास-३’चंही काही होऊ शकतं.

उद्घाटन पाचला असतं. पाहुणे साडेसहाला येतात. पंखा चालू ठेवला तर समई पेटत नाही आणि बंद केला तर पाहुणे. पाहुण्यांच्या भाषणाची सुरुवात ठरलेली: ‘‘मला चित्रकलेतलं काही कळत नाही.’’ एवढं बोलून थांबले तर लोक टाळ्या वाजवतील, पण त्यानंतर पाऊण तास ते याचे पुरावे देतात. मधे आपण शाळेत असताना इंटरमिजिएटची परीक्षा दिल्याचं सांगतात. महाराष्ट्रात ही एक अडचणच आहे. सरकारी रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा इतक्यांनी दिल्या आहेत, की इथला कुठलाही प्रेक्षक केवळ प्रेक्षक नसतो, बी ग्रेड मिळालेला माजी चित्रकार असतो. स्थिरचित्रात त्याचा तांब्या वाकडा आला होता, स्मरणचित्रात बसथांब्यावरची माणसं सगळी पाठमोरी होती, पण तो दिवस त्याच्या आठवणीत अजून ओला आहे. त्यामुळे तो चित्रापुढे उभा राहिला की परीक्षकच होतो.

शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ होतात. मंडळाचे सचिव आभार मानायला उठतात आणि हॉल देणाऱ्यांपासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे मानतात. चित्रप्रदर्शनापेक्षा आभारप्रदर्शन मोठं होतं. मग पाहुणे घड्याळाकडे बघत चित्रांवरून चक्कर मारतात, एका चित्रासमोर बोट दाखवून फोटो काढून घेतात आणि जातात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत फोटो येतो. त्यात पाहुणे असतात, अध्यक्ष असतात, अध्यक्षांची सून असते. चित्र पाहुण्यांच्या मागे असतं.

पुढचे दिवस प्रेक्षकांचे. ‘‘हे हातानं काढलंय?’’ असं विचारणारे असतात. ‘‘किती वेळ लागला?’’ असं विचारून मनातल्या मनात ताशी दर काढणारे असतात. ‘‘आमची पुतणीपण काढते,’’ हे तर सगळ्यांत जास्त. महाराष्ट्रात पुतण्यांइतकी चित्रं कुणीच काढत नसावं. एक काका रोज येतात, एसीखाली बसतात, मोबाइल चार्ज करतात आणि जाताना ‘‘छान चाललंय’’ म्हणतात. ते प्रदर्शनाबद्दल बोलतात की चार्जिंगबद्दल, हे कळायला मार्ग नाही. एखादं जोडपं चित्रासमोर थबकतं, आपली आशा पालवते, आणि बाई म्हणतात, ‘‘अशीच पट्टी आपण देवघराच्या फोटोला घेऊ या.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘फ्रेम कुठून केलीत?’’ फ्रेमवाल्याची कार्डं मी टेबलावर ठेवतो. ती सगळी संपतात.

शिवाय चित्रात साडीतली बाई असली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘अगदी रविवर्मा!’’ हातात दिवा घेतलेली, बोटांच्या फटींतून उजेड झिरपणारी ती प्रसिद्ध स्त्री घरोघरी रविवर्म्याची म्हणूनच ओळखली जाते. ती काढली सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी, तीही तेलरंगात नव्हे तर जलरंगात, आणि समोर उभी केली होती स्वतःची मुलगी. म्हैसूरच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते तिथल्या जगनमोहन राजवाड्यात राहिलं. साल १९४५-४६. रविवर्मा १९०६ सालीच गेले होते. पण पाहणाऱ्याला तपशिलाशी काय देणंघेणं! हळदणकरांसारख्यांची ही गत, तर अग्निशामक नळकांड्याशेजारच्यांनी आपली सही कोपऱ्यात किती मोठी करायची हे ज्याने त्याने ठरवावं.

अभिप्रायाची वही हा वेगळाच वाङ्मयप्रकार आहे. ‘अप्रतिम’, ‘खूपच अप्रतिम’, ‘अतिशय अप्रतिम’ अशी चढण असते. एकाने ‘पार्किंगची सोय हवी’ असं लिहिलेलं असतं. लहान मुलं सगळ्यांत प्रामाणिक, ती वहीत सरळ चित्रच काढतात. किमतीचा विषय मात्र वहीत येत नाही. तो टेबलापाशी हळू आवाजात येतो. ‘‘फिक्स आहे का?’’ नातेवाईक तेवढंही विचारत नाहीत. त्यांचं म्हणणं, ‘‘तुझं एक आमच्या हॉलमध्ये लावू या ना.’’ हॉल त्यांचा, भिंत त्यांची, शिवाय खिळाही ते ठोकू देणार. आणखी काय हवं? विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावायची पद्धत आहे. आम्ही टिकल्यांचं पाकीट घेतलं होतं. ते हिला अजून पुरतंय, कपाळाला.

हे सगळं बघून मी हिला विचारलं होतं, की भरायचं तूच, वाहायचं मी, आणि मिळायचं फ्रेमवाल्याला, मग हा खटाटोप कशाला? तिने उत्तर दिलं नाही. उत्तर एका रिक्षावाल्याने दिलं. बाहेर पाऊस लागला होता म्हणून तो आत आला होता. पायपुसण्यावर चपला पुसल्या, आणि हिचं भर पावसातल्या स्टेशन रोडचं चित्र होतं त्यासमोर उभा राहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘कोणी काढलंय?’’ हिला पुढे केलं. ‘‘ताई, पाऊस एक नंबर आलाय. पण एवढा पाऊस आणि रिक्षाचा साइडचा पडदा वरच गुंडाळलेला? मागचा पॅसेंजर चिंब झाला असणार. तो भाडं देतोय होय!’’ ही हसली नाही. तिने त्याला परत चित्राजवळ नेलं, पडदा नक्की कुठे बांधतात, सोडला की किती खाली येतो, पाण्याने जड झाला की कसा लोंबतो, सगळं विचारून घेतलं. त्याने हवेत हात करून दाखवलं. फ्रेमबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. उद्घाटकांपासून पुतणीवाल्यांपर्यंत ज्यांनी ज्यांनी ‘अप्रतिम’ लिहिलं, त्यांच्यात चित्राच्या आत शिरून पॅसेंजरची काळजी करणारा हा एकच. असा प्रेक्षक मोठ्या गॅलरीच्या काचेच्या दारातून सहसा आत येत नाही, येऊ धजत नाही. तो स्टेशनजवळच्या हॉलमध्ये येतो, पावसाने का होईना.

म्हणून स्थानिक प्रदर्शनं हवीतच. माझी तक्रार फक्त हिशेबाबद्दल आहे. दिवाळीत रांगोळीची प्रदर्शनं भरतात, पाण्यावरची, पाण्याखालची, खऱ्या माणसांचा भास होणारी. लोक तिकीट काढून, पोराबाळांना घेऊन रांगेत उभे राहतात. रांगोळी घरी नेता येत नाही, त्यामुळे घासाघीस नाही, फ्रेमची चौकशी नाही. बघायचं, थक्क व्हायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. तीच माणसं कलादालनात शिरली की सगळं फुकट असतं, चहासुद्धा. पैसे भरायचे ते चित्रं लावणाऱ्याने, आणि त्याला म्हणायचं संधी. नाटकात नटाने तिकीट काढून प्रेक्षकांना बसवल्याचं मी ऐकलेलं नाही.

पॅरिसच्या त्या मंडळींनाही वर्गणी भरावी लागली होती. शेवटी हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर १८० फ्रँकांहून जास्त देणं निघालं आणि मंडळ गुंडाळावं लागलं. म्हणजे त्या बाबतीत ते आमच्या मंडळाच्या फार पुढे होते असं नाही. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी केली होती. दाराशी एक फ्रँक तिकीट ठेवलं होतं. आत येऊन पुष्कळजण पोट धरून हसले, नावं ठेवून गेले, पण फ्रँक मोजून. पुढच्या सुवर्णसंधीच्या निरोपात आयोजकांनी एवढी एकच ओळ बदलावी: प्रवेश शुल्क प्रेक्षकांनी भरावे. पावसात अडकलेल्या रिक्षावाल्यांना माफ. पाहुण्यांना दुप्पट.